चुन्याची आग आणि पेशींची घाई

गालाच्या आतल्या पेशींची काचपट्टी आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी केली आहे. चूळ भरायची, दातकोरणीच्या बोथट टोकाने गालाची आतली बाजू हलकेच खरवडायची, ते काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात मिसळायचे, मिथिलीन ब्ल्यूचा एक थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी दिसतात आणि प्रत्येकीच्या आत निळ्या ठिपक्यासारखे केंद्रक. स्वतःच्याच शरीराचा तुकडा पाहतो आहोत म्हटल्यावर मुले एकदम गप्प होतात.

काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या शिबिरात हा प्रयोग चालू होता. एका सरांनी मला विचारले, "कांद्याच्या मुळाच्या टोकाची पट्टी केली की विभाजन होत असलेल्या चार-दोन पेशी तरी हमखास सापडतात. गालाच्या पट्टीत मला आजवर एकही सापडली नाही. असे का?" प्रश्न चांगला होता. मी त्याचे उत्तर दिले. जेवणाच्या सुट्टीत तेच सर पुन्हा माझ्याजवळ आले आणि जरा बाजूला घेऊन म्हणाले, "माझ्या नववीच्या वर्गात तीन-चार मुले खर्रा खातात. परवा एकाला रागावलो, तर म्हणाला, 'सर, दोन वर्षं झाली खातोय. आत व्हायचं ते होऊन गेलं असेल. आता सोडून काय फायदा?' मला काही बोलता आले नाही."

सकाळचा प्रश्न आणि दुपारचा प्रश्न यांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, असे मला तेव्हाही वाटले होते आणि आजही वाटते. मात्र ते पाच मिनिटांत सांगता येण्यासारखे नव्हते.

गालाच्या आतले अस्तर

गालाची आतली बाजू म्हणजे एकावर एक रचलेल्या पेशींच्या थरांचे अस्तर असते. पाठ्यपुस्तकात त्याला स्तरित अभिस्तर ऊती म्हणतात. यातल्या फक्त तळाच्या थरातल्या, आणि फार तर त्यांच्या लगतच्या, पेशी विभाजित होतात. एका पेशीच्या दोन झाल्या की सरासरीने एक तळाशीच राहते आणि दुसरी वर ढकलली जाते. वर जाता जाता ती चपटी होते, विभाजनाची क्षमता गमावते आणि साधारण दोन आठवड्यांत पृष्ठभागावर पोचून थुंकीबरोबर किंवा घासाबरोबर निघून जाते. आपण खरवडून काढतो त्या याच निघायच्या बेतात असलेल्या पेशी. त्यांच्यात विभाजन दिसणार कसे? कांद्याच्या मुळाच्या टोकाशी आपण थेट विभाजन करणारी ऊतीच चिरडून पाहतो, म्हणून तिथे ते दिसते.

"सरासरीने एक" हे शब्द महत्त्वाचे आहेत. जेवढ्या पेशी वरून गळतात तेवढ्याच खालून तयार झाल्या पाहिजेत. कमी झाल्या तर अस्तर झिजून जखम होईल, जास्त झाल्या तर अस्तर जाड होत जाईल. हा हिशेब ठेवणारा कोणी एक मुनीम नाही. शेजारच्या पेशींचा स्पर्श, खालच्या ऊतीतून येणारी वाढीची संदेशप्रथिने, वरच्या थराला इजा झाल्याची खबर, अशा अनेक निरोपांवर तळाची पेशी विभाजित व्हायचे की थांबायचे ते ठरवते.

खबर आली की काय होते ते आपल्या हातांवर पाहता येते. कुदळ-फावडे चालवणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात. घर्षणाने वरच्या पेशी दुखावतात, खालच्या पेशी भराभर विभाजित होतात आणि कातडी जाड होते. काम सोडून महिना-दोन महिने झाले की घट्टा आपोआप विरतो. म्हणजे क्षोभाने पेशीविभाजन वाढते आणि क्षोभ थांबला की ते पूर्ववत होते. जखम भरून येते तीही याच मार्गाने. क्षोभ हा शब्द मी इथे चुरचुर, आग किंवा सूज आणणाऱ्या कोणत्याही माऱ्यासाठी वापरतो आहे, मग तो घर्षणाचा असो, उष्णतेचा असो किंवा रसायनाचा.

आता शेतमजुराच्या घट्ट्याचा कर्करोग झाला असे आपण ऐकत नाही. मग तंबाखू-चुन्याच्या गोळीने गालाची आग होते आणि तिथे कर्करोग होतो, या दोहोंत फरक कसला? या प्रश्नाने वैद्यकाला जवळजवळ शंभर वर्षे झुलवले.

सशाचे कान

एकोणिसाव्या शतकात जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी असे मत मांडले होते की सततचा क्षोभ हेच कर्करोगाचे मूळ आहे. त्यासाठी दाखलेही होते. १७७५ साली लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणाच्या त्वचेचा कर्करोग काजळीशी जोडला होता. काश्मीरमध्ये थंडीत फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरून बसण्याची पद्धत आहे. तिथे पोटाच्या आणि मांडीच्या भाजून भाजून करपलेल्या त्वचेवर कर्करोग होतो, हेही डॉक्टरांच्या नजरेला आले होते.

पण दाखला म्हणजे प्रयोग नव्हे. फिर्खोंच्या बर्लिनच्या प्रयोगशाळेत काही काळ काम केलेल्या कात्सुसाबुरो यामागिवा यांनी तोक्योला परतल्यावर हा प्रयोग करायचे ठरवले. सोबत होते तरुण सहकारी कोइची इचिकावा. दर दोन-तीन दिवसांनी सशाच्या कानाला दगडी कोळशाचे डांबर लावायचे, बस्स. एवढेच, पण महिनोन्महिने न चुकता. यापूर्वी अनेकांनी असे प्रयोग काही आठवडे करून कंटाळून सोडून दिले होते. १९१५ साली या दोघांनी जाहीर केले की सशांच्या कानांवर आधी चामखिळीसारख्या गाठी आल्या आणि त्यांतल्या काहींचे पुढे खरेखुरे कर्करोग झाले. रसायनाने प्रयोगशाळेत घडवून आणलेला हा पहिला कर्करोग. (१९२६ सालचे नोबेल पारितोषिक मात्र कृमींमुळे उंदरांना कर्करोग होतो असे सांगणाऱ्या डेन्मार्कच्या फिबिगर यांना मिळाले आणि तो निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. पारितोषिक समित्यांनाही घाई नडते.)

फिर्खोंचे म्हणणे सिद्ध झाले असे यामागिवांना वाटले. परंतु डांबर हे शेकडो रसायनांचे मिश्रण आहे. ते आगही करते, आणि त्यात आणखी काय काय आहे कोण जाणे. लंडनमध्ये अर्नेस्ट केनवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मिश्रण उलगडायला घेतले. १९३० साली त्यांनी डायबेंझअँथ्रासीन हा प्रयोगशाळेत बनवलेला शुद्ध पदार्थ उंदरांच्या त्वचेवर लावून कर्करोग घडवला. १९३३ साली त्यांच्याच गटाने दोन टन डांबराच्या गाळातून काही ग्रॅम बेंझोपायरीन वेगळे केले आणि तेही जहाल कर्करोगजनक निघाले. गंमत म्हणजे हे शुद्ध पदार्थ त्वचेला म्हणावी तशी आग करत नव्हते. उलट, त्वचा लालबुंद करणारी कितीतरी रसायने वर्षभर चोपडूनही कर्करोग होत नव्हता. क्षोभाचा सिद्धांत मोडीत निघाला असेच सर्वांना वाटू लागले.

जमालगोटा

तो मोडीतून परत आला जमालगोट्यामुळे. जालीम रेचक म्हणून जमालगोटा आपल्याकडे पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याच्या बियांचे तेल कातडीला लागले तर फोड येतात. ऑक्सफर्डमध्ये काम करणाऱ्या आयझॅक बेरेनब्लम यांनी उंदरांच्या पाठीला बेंझोपायरीनबरोबर हे तेल लावून पाहिले. १९४१ साली त्यांनी दाखवले की गाठींचे प्रमाण त्यामुळे कितीतरी वाढते. पुढे १९४७ मध्ये फिलिप शुबिक यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगांत त्यांनी कर्करोगजनकाची एकच मात्रा द्यायची आणि नंतर फक्त तेल लावत राहायचे अशी रीत वापरली. या पद्धतीने पुढे अनेक प्रयोगशाळांत जे दिसून आले ते वर्गात सांगण्यासारखे आहे, कारण एवढे सोपे आणि एवढे बोलके प्रयोग थोडे असतात.

कर्करोगजनकाची एक छोटी मात्रा उंदराच्या पाठीवर एकदाच लावली आणि सोडून दिले, तर गाठी येत नाहीत किंवा क्वचित येतात. नुसते जमालगोट्याचे तेल आठवड्यातून दोनदा महिनोन्महिने लावले तरी गाठी जवळजवळ येत नाहीत. आधी कर्करोगजनकाची ती एकच मात्रा आणि मग तेल लावत राहिले तर मात्र पाठ गाठींनी भरून जाते. आता क्रम उलटा करा. आधी महिनोन्महिने तेल, मग तेल बंद आणि कर्करोगजनकाची एक मात्रा. गाठी नाहीत. शेवटचा प्रयोग मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. कर्करोगजनक लावून उंदराला कित्येक महिने तसेच सोडले, त्याची पाठ पूर्ण निरोगी दिसत होती, आणि मग तेल सुरू केले. तरीही गाठी आल्या.

याचा अर्थ असा की कर्करोगजनकाने एका बैठकीत पेशींत असे काहीतरी केले की जे पुसले जात नाही, आणि डोळ्यांना दिसतही नाही. तेल स्वतः असे काही करत नाही. ते फक्त आधीच बदललेल्या पेशींना वाढायला लावते, आणि तेही वारंवार लावले तरच. तेलाच्या दोन लेपांत मोठा खंड पाडला तर परिणाम ओसरतो. पहिल्या घटनेला आरंभ म्हणू आणि दुसरीला चालना. आरंभ कायमचा असतो. चालना सतत द्यावी लागते.

साधारण त्याच काळात अमेरिकेत पेटन राउस यांचा गट सशांच्या कानांवरच काम करत होता. डांबर लावून आलेल्या चामखिळी डांबर थांबवल्यावर विरून गेल्या, कान साफ झाले. मग त्यांनी त्या कानांना भोके पाडली. जखम भरून येताना भोकांच्या कडेने पुन्हा चामखिळी उगवल्या. जखम भरणे म्हणजे तळाच्या पेशींची घाई, हे आपण वर पाहिले. झोपलेल्या बदललेल्या पेशींना त्या घाईने उठवले.

एक सावधगिरी मात्र हवी. आग झाली म्हणजे चालना मिळालीच असे नाही. बेरेनब्लम यांनीच १९२९ मध्ये डांबराबरोबर मस्टर्ड वायूचे द्रव्य लावून पाहिले होते. तोही भयंकर क्षोभक, पण गाठी उलट कमी आल्या. पेशींना मारणारा क्षोभ आणि पेशींना धावायला लावणारा क्षोभ यांत फरक आहे.

पेशीच्या आत

आरंभ म्हणजे काय, हे कळायला डी.एन.ए.ची रचना आधी कळावी लागली. आज आपण ते बरेच नेमके सांगू शकतो.

तंबाखूतले उदाहरण घेऊ. तंबाखूचे पान वाळवताना आणि मुरवताना त्यातल्या निकोटिनपासून आणि त्याच्या भाऊबंदांपासून नायट्रोसामाइन नावाचे पदार्थ तयार होतात. म्हणजे न जाळता नुसती चघळलेली तंबाखूही यातून सुटत नाही. हे पदार्थ पेशीत शिरले की पेशीतली विकरे त्यांना पाण्यात विरघळण्याजोगे करून बाहेर टाकायच्या खटपटीला लागतात. या खटपटीतच मधला एक टप्पा असा येतो की तो पदार्थ अत्यंत क्रियाशील होतो आणि डी.एन.ए.ला चिकटतो. विष आपणच तयार करतो, साफसफाईच्या नादात. बेंझोपायरीनचीही हीच कथा आहे.

समजा, डी.एन.ए.मधल्या ग्वानीन या अक्षराला एक मिथिल गट चिकटला. ग्वानीनची जोडी सायटोसीनशी जुळते, पण हे बिघडलेले ग्वानीन थायमीनशी जोडी जमवते. तरीही अजून काही बिघडलेले नाही. पेशीत एक दुरुस्तीचे प्रथिन असते, ते तो मिथिल गट उचलून स्वतःच्या अंगावर घेते आणि कायमचे निकामी होते. एक रेणू, एक दुरुस्ती. दुरुस्ती वेळेत झाली तर काहीच घडले नाही असे समजायचे. पण दुरुस्तीच्या आधीच पेशीने विभाजनाची तयारी म्हणून डी.एन.ए.ची नक्कल सुरू केली, तर नव्या धाग्यात सायटोसीनच्या जागी थायमीन बसते. पुढच्या नकलेत त्या थायमीनसमोर ॲडेनीन येते. आता ही जोडी अगदी नियमाप्रमाणे आहे, दुरुस्ती करणाऱ्यांना तिथे चूक दिसतच नाही. तात्पुरती इजा कायमचे उत्परिवर्तन होऊन बसली.

म्हणून दुरुस्ती आणि विभाजन यांची ही शर्यत आहे. पेशीलाही ते ठाऊक असल्यासारखी तिने विभाजनचक्रात तपासणी नाकी ठेवली आहेत. डी.एन.ए.ला इजा झाली असेल तर पी-५३ नावाचे प्रथिन पेशीला नाक्यावर थांबवते, दुरुस्तीला वेळ देते, आणि इजा फारच असेल तर पेशीला आत्मनाश करायला लावते. याच पी-५३च्या जनुकात बेंझोपायरीनपासून बनलेला क्रियाशील पदार्थ ठरावीक ठिकाणी चिकटतो, आणि ती ठिकाणे धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगात उत्परिवर्तन आढळते तीच आहेत, असे १९९६ साली दाखवण्यात आले. पहारेकऱ्यावरच हल्ला.

आता जमालगोट्याकडे परत जाऊ. उंदरांच्या प्रयोगात कर्करोगजनक नेमके काय बिघडवत होते ते १९८३ आणि १९८६ मधल्या संशोधनातून कळले. रास नावाच्या जनुकात एक अक्षर बदलत होते. रासपासून बनणारे प्रथिन पेशीतल्या विजेच्या बटणासारखे आहे. वाढीचा निरोप आला की चालू, निरोप संपला की बंद. बदललेले रास बंद होत नाही. आणि तेलाचे काय? तेलातला प्रभावी घटक फॉरबॉल नावाच्या रसायनाचा एक प्रकार आहे. १९८२ साली जपानमधील यासुतोमी निशिझुका यांच्या गटाने दाखवले की हा रेणू पेशीतल्या एका निरोप्या रेणूची नक्कल करून प्रोटीन कायनेज सी या विकराला जागे करतो. खरा निरोप्या काम झाले की लगेच नष्ट केला जातो. नकली मात्र तसाच राहतो. दारावरच्या घंटेचे बटण दाबलेलेच अडकून बसावे तसे. पेशी विभाजित होत राहतात, भोवती सूज येते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्या आणखी वाढीचे निरोप सोडतात. सूज आणणारे टी.एन.एफ. हे प्रथिन ज्यांच्यात नाही असे उंदीर वापरले तर याच प्रयोगात गाठी फारच कमी येतात, हे १९९९ मध्ये दिसून आले.

या गोंधळात सामान्य पेशी आणि बदललेली पेशी सारख्या वागत नाहीत. सामान्य पेशी घाईने विभाजित होतात, पण त्यांच्या लेकी नेमाप्रमाणे वर जाऊन गळून पडतात. बदललेल्या पेशीला "वर जा, थांब" हा निरोप नीट ऐकू येत नाही. तिच्या दोन्ही लेकी तळाशीच राहण्याचा संभव वाढतो. एकीच्या दोन, दोनांच्या चार. इथे फळ्यावर एक हिशेब करून दाखवावा. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. एखाद्या पेशीत दुसरे घातक उत्परिवर्तन घडण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे असे धरा. बदललेली पेशी एकटीच असेल तर ते घडेलच असे मानायला काही आधार नाही. पण ती वीस वेळा दुप्पट झाली तर दोनाचा विसावा घात, म्हणजे १०,४८,५७६ पेशी झाल्या. आता त्यांतल्या एखादीत ते घडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. तिसऱ्या उत्परिवर्तनासाठी पुन्हा हाच खेळ. म्हणून कर्करोगाला वर्षे लागतात, आणि म्हणून चालना नसेल तर तो बहुधा वाटेतच अडकतो.

आपल्या सर्वांच्याच पेशी

हे सर्व उंदरांचे झाले. माणसाचे काय? गेल्या काही वर्षांत डी.एन.ए. वाचण्याचे तंत्र इतके बारीक झाले आहे की निरोगी ऊतीच्या अगदी लहान ठिपक्यातली उत्परिवर्तनेही मोजता येतात. २०१५ साली इंग्लंडमध्ये चार व्यक्तींच्या पापण्यांची, शस्त्रक्रियेत काढलेली, निरोगी दिसणारी त्वचा तपासली. सुमारे एक चतुर्थांश पेशींत कर्करोगाशी संबंधित जनुकांत उत्परिवर्तने सापडली. तरीही ती त्वचा निरोगी होती, आपले काम करत होती.

त्यानंतर २०२३ मध्ये लंडनच्या चार्ल्स स्वांटन यांच्या गटाने फुप्फुसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. धूम्रपान न करणाऱ्यांनाही फुप्फुसाचा कर्करोग होतो आणि हवेच्या प्रदूषणाशी त्याचा संबंध आहे हे माहीत होते. पण त्या कर्करोगांत प्रदूषणाने केलेल्या डी.एन.ए.च्या इजेच्या खुणा फारशा सापडत नव्हत्या. या गटाने निरोगी फुप्फुसाचे नमुने तपासले तेव्हा सुमारे १८ टक्के नमुन्यांत ई.जी.एफ.आर. या जनुकाचे कर्करोगाला कारण होणारे उत्परिवर्तन आधीच हजर होते. वयाबरोबर अशा चुका साचतातच. उंदरांवरच्या प्रयोगांत धुलिकणांनी सूज आणली, सुजेने इंटरल्युकिन-१ बीटा हे प्रथिन सोडले, आणि त्या प्रथिनाने झोपलेल्या पेशींना चालना दिली. ते प्रथिन अडवले तेव्हा कर्करोग कमी झाले. धुलिकण इथे जमालगोट्याचे काम करत होते. बेरेनब्लम यांच्या उंदराच्या पाठीनंतर तब्बल ऐंशी वर्षांनी.

खर्रा

आता त्या सरांच्या नववीच्या वर्गाकडे येऊ. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले मिश्रण. आरंभ आणि चालना यांची सोय एकाच पुडीत. तंबाखूतली नायट्रोसामाइने डी.एन.ए.ला चिकटतात. चुना माध्यम अल्कधर्मी करतो, त्यामुळे निकोटिन विद्युतभाररहित रूपात येते आणि पेशीपटलातून झटकन आत शिरते. किक लवकर बसते ती यामुळे. पण तोच चुना अस्तराला भाजतोही. सुपारीचे खरबरीत कण ते घासतात, आणि चुन्याच्या संगतीने सुपारीतल्या पदार्थांपासून ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होतात. दिवसातून आठ-दहा वेळा, त्याच गालात, त्याच जागी. उंदराला आठवड्यातून दोनदाच तेल लावत होते.

जागेचे महत्त्व आपल्याकडे फार पूर्वी टिपले गेले. मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी १९४५ साली भारतीय सवयींशी निगडित कर्करोगांवर लेख लिहिला. त्यात खैनी, म्हणजे तंबाखू-चुन्याची गोळी, ओठाच्या आत जिथे धरली जाते तिथे होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन आहे.

गोळी धरण्याच्या जागी बहुधा आधी पांढरा चट्टा पडतो. बोटाने पुसला जात नाही, दुखतही नाही. तिथले अस्तर जाड झालेले असते, एका अर्थी तो गालाचा घट्टाच. फरक एवढाच की या घट्ट्याच्या तळाशी आरंभ झालेल्या पेशी असू शकतात. सगळ्या चट्ट्यांचा कर्करोग होत नाही, पण काहींचा होतो, आणि कोणत्या ते नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

"आता सोडून काय फायदा?" या प्रश्नाचे उत्तर देणारा अभ्यास आपल्याच देशात झाला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. तिथल्या फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी केरळमधील एर्नाकुलम, आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम आणि गुजरातमधील भावनगर या जिल्ह्यांच्या खेड्यांतून तंबाखू वापरणारे ३६,००० लोक निवडले. दरवर्षी त्यांचे तोंड तपासले आणि तंबाखू सोडण्याविषयी त्यांना समजावले. सगळ्यांनी सोडली नाही, हे सांगायला नकोच. पण ज्यांनी सोडली त्यांच्यात नवे पांढरे चट्टे पडण्याचे प्रमाण, चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत, स्पष्टपणे घटले. १९८६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आता त्या मुलाचे म्हणणे पुन्हा पाहा. "आत व्हायचं ते होऊन गेलं असेल" यात अर्धे सत्य आहे. दोन वर्षांत काही पेशींत आरंभ झालेला असू शकतो आणि तो खर्रा सोडल्याने पुसला जाणार नाही. पण त्याच्या वयाच्या मुलाच्या तोंडात त्या पेशी बहुधा थोड्या आणि विखुरलेल्या असतील. चालना थांबली की त्यांच्यापुढे धावत सुटण्याचे कारण उरत नाही. त्यांतल्या कितीतरी शेजारच्या निरोगी पेशींशी स्पर्धेत हरून वर ढकलल्या जातील आणि घासाबरोबर गिळल्या जातील. उलट खर्रा चालू ठेवला तर रोज नवा आरंभ आणि रोज नवी चालना. तो जे होऊन गेले म्हणतो आहे त्याचा मोठा भाग अजून व्हायचा आहे.

हे उत्तर मी त्या सरांना नंतर पत्राने कळवले. त्यात एक अप्रिय भागही होता, तो इथेही सांगायला हवा. सुपारीने तोंडात आणखी एक विकार होतो. अस्तराच्या खालच्या ऊतीत तंतूंचे जाळे घट्ट होत जाते, गाल लाकडासारखे ताठर होतात, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडेनासे होते. पांढऱ्या चट्ट्याप्रमाणे हा ताठरपणा सुपारी सोडल्यावर सहसा मागे जात नाही. पुढे वाढण्याचे मात्र थांबू शकते, आणि ते महत्त्वाचे आहे, कारण या विकारातूनही कर्करोग होतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण घोटून दिलेला खर्रा आणि मावा पानटपरीवर मिळतो हे सर्वांना ठाऊक आहे. शाळकरी मुलांत हा विकार दिसतो.

तो ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. मुलाला त्याच्याच हाताची मधली तीन बोटे जुळवून, उभी, समोरच्या दातांमध्ये घालायला सांगा. सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील, किंवा गालात न पुसला जाणारा पांढरा अथवा लाल चट्टा असेल, किंवा एखादी जखम तीन आठवड्यांत भरली नसेल, तर त्याला दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयात पाठवावे. गालाच्या पेशींची काचपट्टी करण्याच्या तासाला ही तपासणी सर्व वर्गाची मिळून करता येते. सगळेच करतात म्हटल्यावर कोणाला वेगळे काढल्यासारखे वाटत नाही.